हातचक्कीचं पीठ आणि बसका पाव: दोष नेमका कुठे असतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेबलाला शिकंज्याने आवळायची, लोखंडी चकत्यांची हातचक्की आहे. कडक गहू एकाच फेरीत होईल तितका बारीक दळला जातो. अर्ध्या किलोला तासभर दांडा फिरवावा लागतो, आणि एवढा घाम गाळूनही पाव बसका होतो, कापताना त्याचा चुरा पडतो. चक्की बदलावी, गहू बदलावा, की कृतीतच चूक आहे?

चक्की बहुधा बदलावी लागणार नाही. एका फेरीत बारीक पीठ काढायचा हट्ट मात्र सोडावा लागेल. आणि मैद्यासाठी लिहिलेली पावाची कृती या पिठाला जशीच्या तशी लावणंही बंद करावं लागेल. बसक्या पावांपैकी बहुतेक या दोन कारणांत मोडतात. गव्हाचा दोष असतो, पण कमी वेळा, आणि तो ओळखता येतो.

आधी त्या तासाचा हिशोब करू. घरगुती विद्युत चक्कीची मोटर साधारण ३६० वॉटची असते आणि ती मिनिटाला १०० ग्रॅमच्या आसपास गहू बारीक दळते. म्हणजे किलोमागे ६० वॉट-तास. यातला काही भाग मोटर तापण्यात जातो, पण अंदाजाला हा आकडा पुरे. माणूस हाताने सलग काम करताना ५० वॉटच्या आसपास देऊ शकतो, तेही खांदा आणि कंबर नीट वापरली तर. तेव्हा किलोला तास-सव्वा तास आणि अर्ध्या किलोला ३० ते ४० मिनिटं ही बारीक पिठाची खरी मजुरी आहे. पाच मिनिटांत होतं म्हणणाऱ्याचं पीठ हातात घेऊन बघावं, ती भरड असते. तुम्हाला तास लागतो याचा अर्थ वीसेक मिनिटांची मेहनत वाया जाते आहे. ती दोन ठिकाणी जाते: चकत्या एकमेकींवर घासण्यात आणि आधीच बारीक झालेलं पीठ पुन्हा रगडण्यात.

दाणा दळण्याआधी

पावाला कडक गहू हवा, प्रथिनं १२ ते १४ टक्क्यांचा. मऊ गव्हाचं पीठ हाताला लवकर येतं आणि बोटांना रेशमी लागतं, पण कणीक वायू धरत नाही. ड्युरम, म्हणजे पास्त्याचा गहू, कडकही असतो आणि प्रथिनंही भरपूर, म्हणून पुष्कळ जण फसतात. त्याची कणीक चिवट होते, पण फुग्यासारखी ताणली जात नाही. एकट्या ड्युरमचा पाव उंच होत नाही आणि दळताना तो हात मोडतो. पिठात पाव हिस्सा मिसळला तर चव छान येते. स्पेल्ट (गव्हाचा एक जुना प्रकार) आणि खपली यांची कणीक सैल पडून पसरते. त्यांना साच्यातच भाजावं आणि पाणी थोडं कमी घालावं.

पेरणीसाठी विकलेलं बियाणं कधीही दळू नये. त्यावर औषध चोळलेलं असतं. ते ओळखू यावं म्हणून पुष्कळदा त्याला गुलाबी किंवा इतर रंग देतात, पण रंग दिसत नाही म्हणजे औषध नाही असं धरू नये.

निवडण्यात कंटाळा केला तर चक्कीचं नुकसान होतं. दाण्याएवढा खडा पोलादी चकतीचे दाते बोथट करतो, दगडी चकतीचा टवका उडवतो. पाखडून हलका कचरा आणि पोकळ दाणे काढा, मग पसरट ताटात पातळ थर करून नजरेखालून घाला. शेवटी कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक एकदा फिरवा. राय (गव्हासारखंच एक धान्य) दळणार असाल तर काळपट-जांभळे, दाण्यापेक्षा लांब, शिंगासारखे वाकडे तुकडे शोधून टाकून द्या. तो अर्गट नावाचा बुरशीजन्य रोग आहे आणि तो विषारी असतो. गहू धुवायची गरज सहसा नसते. धुतलाच तर पूर्ण वाळेपर्यंत चक्कीत घालू नका.

ओलाव्याकडे फार थोडे लक्ष देतात, आणि दळतानाच्या पुष्कळ तक्रारी तिथेच असतात. दळायला ११ ते १३ टक्के ओलावा चांगला. १४ च्या वर गेला की पीठ चकत्यांना चिकटून थर धरतं, दांडा जड होतो, आणि दगडावर तर चकचकीत लेप बसतो. उलट ९-१० टक्क्यांवर गेलेला खडखडीत दाणा काचेसारखा फुटतो. त्याच्या कोंड्याचेही बारीक तुकडे होतात आणि ते कुठल्याच चाळणीत अडकत नाहीत. दाताने परीक्षा करा. कडक गहू चावला की टक् आवाज होऊन दोन-चार तुकडे व्हायला हवेत. दाणा चेपला जाऊन जिभेला मेणचट लागला तर तो ओला आहे. नेमका आकडा हवा असेल तर २० ग्रॅम भरड १३० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवा, झाकणाच्या बरणीत गार करा आणि पुन्हा तोला. वजन १७.८ ग्रॅम भरलं तर २.२ ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे ११ टक्के. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा लागेल, आणि घरच्या ओव्हनचं तापमान वरखाली होतं हे लक्षात घेऊन अर्धा टक्का इकडेतिकडे धरा.

कोरड्या गव्हाला पाणी देता येतं. गव्हाचं वजन गुणिले वाढवायचे टक्के, भागिले १०० वजा हवे असलेले टक्के. एक किलो गहू १० टक्क्यांवरून १३ वर न्यायचा तर १००० × ३ ÷ ८७, म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम पाणी. ते बंद डब्यात गव्हावर शिंपडा, पहिल्या अर्ध्या तासात तीन-चारदा हलवा आणि २४ तास तसंच राहू द्या. कडक दाण्याच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचायला एवढा वेळ लागतोच. तासाभरात दळलं तर बाहेर ओलं आणि आत कोरडं, म्हणजे दोन्हीकडचे तोटे. वेळ दिला की कोंडा चामड्यासारखा चिवट होतो, मोठ्या पापुद्र्यांनी सुटतो आणि चाळणीत राहतो. पाणी दिलेला गहू साठवायचा नाही, दुसऱ्या दिवशी दळून टाकायचा.

चकत्या जुळवणं

हातचक्कीत एक चकती स्थिर आणि एक दांड्याबरोबर फिरणारी असते. हॉपरमधून, म्हणजे वरच्या धान्याच्या तोंडातून, पडलेला दाणा मळसूत्र पुढे ढकलतं, चकत्यांच्या मध्याजवळचे खोल दाते तो फोडतात, आणि कडेला जाता जाता अंतर कमी होऊन त्याचं पीठ होतं. चकत्या पोलादी, ओतीव लोखंडी किंवा कृत्रिम दगडाच्या असतात. दगडी चकत्या कोरड्या धान्याचं सर्वात मऊ पीठ देतात, पण तेलबियांनी आणि ओलाव्याने खराब होतात. पोलादी चकत्यांना दोन्ही चालतं, फक्त तेवढ्याच बारीक पिठासाठी एक फेरी जास्त लागते. ओला मका वाटण्यासाठी बनवलेली, कथलाचा मुलामा दिलेली एक स्वस्त चक्की असते. तिचा दांडा मुळातच सैल असतो, आणि तिच्यावर पावाचं पीठ काढू पाहणं म्हणजे स्वतःवर सूड घेणं. तुमची चक्की ती असेल तर मात्र चक्की बदला.

अंतर लावायचं असं. हॉपर रिकामा ठेवून दांडा फिरवत नॉब हळूहळू आवळा, चकत्या टेकल्याचा खर्र आवाज येईपर्यंत. हा तुमचा शून्य. नॉबवर आणि चौकटीवर खूण करून ठेवा. तिथून एक अष्टमांश फेरा मागे आलं की बारीक दळणाची जागा, अर्धा ते पाऊण फेरा मागे आलं की भरडीची. प्रत्येक चक्कीच्या आट्यांचं अंतर वेगळं असतं, म्हणून हे आकडे सुरुवातीपुरते. पुढचं बोटांनी ठरवायचं. शून्य आणि बारीक यांच्या मध्ये चक्की कधीही चालवू नका. तिथे पीठ बारीक होत नाही, फक्त चकत्या घासतात, पीठ गरम होतं, त्यात राखाडी छटा येते आणि तुमची ताकद लोखंड झिजवण्यात जाते. शंका असेल तर पिठातून लोहचुंबक फिरवा.

खर्र आवाज फेऱ्याच्या एकाच भागात येत असेल तर चकत्या समांतर नाहीत. फिरणाऱ्या चकतीच्या तोंडावर खडूने किंवा धुऊन निघणाऱ्या पेनाने रेघा ओढा, चकत्या अलगद टेकवून दोन फेरे द्या आणि उघडून बघा. रेघा एकाच बाजूच्या पुसल्या असतील तर त्या बाजूला अंतर कमी आणि समोर जास्त आहे. अशी चक्की एकाच वेळी पीठही देते आणि रवाही, आणि कितीही आवळलं तरी रवा जात नाही. कारण बहुधा किरकोळ निघतं: चकतीच्या मागे अडकलेलं वाळलं पीठ, तिरका बसलेला स्क्रू, झिजलेला बुश.

नवी चक्की असेल तर आधी पाव किलो तांदूळ दळून फेकून द्या. कारखान्यातलं तेल आणि धातूची कीस त्यात निघून जाते. बेअरिंगला तेल लागतं, पण ते खाद्यतेल किंवा अन्नयंत्रांसाठीचं खनिज तेल असावं, आणि एक थेंबच.

चक्कीची उंची कमरेच्या किंचित वर, कोपराच्या खाली असावी. मनगटाने फिरवलं तर दहा मिनिटांत हात भरून येतो. पाय पुढेमागे ठेवून धड झुलवलं, मिनिटाला ५०-६० फेरे ठेवले आणि शंभर फेऱ्यांनी हात बदलला तर अर्धा तास निभतो. जड चाक असलेल्या चक्कीने एकूण कष्ट कमी होत नाहीत, पण दाणा फुटतानाचे हिसके ते चाक गिळतं. खांद्यासाठी हा फरक मोठा आहे.

भरडा, चाळा, उरलेलं पुन्हा दळा

एका फेरीत बारीक दळताना काय होतं ते समजून घ्या. अंतर अगदी कमी असल्याने मळसूत्र दाणा आत ढकलतं, पण चकत्या तो घेत नाहीत. दाण्याला फोडायची आणि रगडायची दोन्ही कामं एकाच अरुंद जागेत होतात, आणि प्रत्येक हिसका तुमच्या खांद्यावर येतो.

त्याऐवजी पहिली फेरी मोकळी ठेवा. दाण्याचे पाच-सहा तुकडे व्हावेत, एवढंच. अर्ध्या किलोला पाच-सात मिनिटं लागतात आणि हाताला जाणवतही नाही. आता चाळा. चाळण ४० मेशची, म्हणजे इंचाला ४० तारांची, जिचं भोक सुमारे ०.४ मिमी असतं. या वेळी खाली थोडंच पडेल, पण ते तयार पीठ आहे आणि ते पुन्हा चक्कीत जाणार नाही. चाळणीवर उरलेलं, चकत्यांमधलं अंतर कमी करून, दुसऱ्यांदा दळा, पुन्हा चाळा. निम्म्याहून बरंच जास्त पीठ आता खाली असेल. तिसरी फेरी सर्वात बारीक अंतरावर, फक्त वर उरलेल्या रव्याची. अर्ध्या किलोच्या शेवटी चाळणीवर ५० ते ७० ग्रॅम पापुद्रे राहतात, आणि तो जवळपास निव्वळ कोंडा असतो. चौथी फेरी देऊन तो दळायचा नाद सोडा. कोंडा लवचीक असतो, चकत्यांमधून चपटा होऊन तसाच बाहेर येतो.

चाळणीचा आणखी एक फायदा आहे. न चाळता दुसरी फेरी घेतली तर हॉपरमधलं पीठ कमान धरून अडकतं, दांडा मोकळा फिरतो आणि खाली काहीच पडत नाही. मग लाकडी काडीने ढोसत बसावं लागतं. बोट कधी घालू नये, मळसूत्र बोट आणि दाणा यांत फरक करत नाही. चाळून वर उरलेला रवा मात्र वाळूसारखा सरकतो.

पीठ जमलं का हे कसं कळणार? १०० ग्रॅम मिसळलेलं पीठ त्याच चाळणीवर टाकून दोन मिनिटं हलवा. कोंडा धरून १०-१२ ग्रॅम वर राहिलं तर पाव चांगला येईल. २५-३० ग्रॅम राहिलं तर तो साच्यातला, दाट पण खाण्याजोगा पाव होईल. ४० च्या वर गेलं तर ती भरड समजा. चिमूट अंगठ्याने चोळून कळतं असं म्हणतात, पण कोंडा आणि रवा यांत बोटं फसतात. काटा फसत नाही.

सगळं पीठ मोजायचं वजनावर. ताजं पीठ हवेने फुगलेलं असतं, त्यामुळे कपाने मोजलं तर दर वेळी वेगळं भरतं. ५०० ग्रॅम गव्हातून ४९० च्या वर पीठ आणि कोंडा मिळून यायला हवं. याहून जास्त तूट असेल तर ती चक्कीच्या पोटात अडकली आहे.

दगडी जातं असेल तर

तत्त्व तेच, फक्त अंतर नॉबने नाही तर मधल्या खिळ्याच्या उंचीने आणि घासाच्या मापाने राखायचं असतं. नवशिके इथेच चुकतात. घास मोठा घातला की दाणे वरची तळी उचलून धरतात आणि रवाळ पीठ पडतं. फार लहान घातला की दगडावर दगड घासतो आणि पिठात कच येते. मूठ सैल ठेवून थोडे थोडे दाणे, दोन-तीन फेऱ्यांमागे एकदा, एवढं वैरण पुरतं. दळण चालू असताना आवाज जड आणि एकसारखा हवा. तो खणखणीत झाला की तोंड रिकामं पडलंय.

पीठ एकाएकी जाडसर यायला लागलं आणि जातं हलकं फिरू लागलं तर दगड गुळगुळीत झाला आहे, टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने तो पुन्हा खडबडीत करायची, वेळ आली. टाकी लावल्यावर किंवा जातं नवं असल्यावर तांदूळ दळून टाकून द्या, पुन्हा दळा, आणि पीठ पाण्यात कालवून तळाशी वाळू बसते का बघा. बसत नाही तोवर खायचं पीठ काढू नका.

हे पीठ मैद्यासारखं का वागत नाही

गव्हाच्या दाण्यात वजनाने सुमारे ८३ टक्के पिठूळ गाभा, १४-१५ टक्के कोंडा आणि अडीच टक्के अंकुर असतो. मैद्यात बहुतेक गाभाच असतो. तुमच्या पिठात बाकीचे दोघेही आहेत, आणि पावाला त्रास देतात ते हेच.

कोंड्याच्या कडा धारदार असतात. कणकेतले वायूचे बुडबुडे ज्या पातळ पडद्यांत अडकतात, ते पडदे या कडांनी फाटतात. शिवाय कोंडा पाणी हळूहळू ओढतो. मळताना बरोबर वाटलेली कणीक तासाभराने घट्ट होते आणि भाजल्यावर पाव कोरडा होऊन चुरा पडतो. तुमच्या चुऱ्याचं कारण हेच असणार. त्यात रव्याचे मोठे कण असतील तर त्यांच्या आतलं प्रथिन पाण्यापर्यंत पोचतच नाही, आणि ओलं न झालेलं प्रथिन ग्लूटेन, म्हणजे कणकेला ताण देणारं जाळं, बनवत नाही. अंकुरात ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य असतं, ते ग्लूटेनचे बंध सैल करतं. आणि कोंड्यासोबत आलेल्या खनिजांमुळे आणि विकरांमुळे यीस्ट जोरात धावतं. म्हणजे कणीक कमकुवत आणि वायू लवकर. मैद्याच्या कृतीप्रमाणे दुप्पट फुगायची वाट बघितली तर ती फुगून खाली बसलेली असते.

इलाज कृतीत आहे. ५०० ग्रॅम गव्हाच्या दळणासाठी ३७५ ग्रॅम पाणी सुरुवातीला, आणि ४० ग्रॅम बाजूला राखून. मीठ १० ग्रॅम, कोरडं झटपट यीस्ट ४ ग्रॅम, हवं तर १५ ग्रॅम तेल.

चाळणीवरचा कोंडा वेगळा ठेवा. तो ६० ग्रॅम असेल तर त्यावर १२० ग्रॅम उकळतं पाणी ओता, झाकून गार होऊ द्या. हे पाणी ३७५ मधूनच घ्यायचं आणि ते उकळल्यावर मोजायचं, कारण उकळताना पाच-दहा ग्रॅम उडून जातं. कोंडा मऊ पडतो, त्याच्या कडांची धार जाते आणि नंतर तो कणकेतलं पाणी पळवत नाही. सगळ्या कृतीत सर्वात स्वस्त आणि सर्वात गुणकारी पायरी कोणती असं विचारलं तर हीच.

चाळलेलं पीठ उरलेल्या २५५ ग्रॅम पाण्यात नुसतं कालवा, कोरडं कुठे राहू नये. घट्ट वाटलं तर राखलेल्या पाण्यातलं थोडं आताच द्या. झाकून ४५ मिनिटं ते तास ठेवा. या वेळात रव्याच्या गाभ्यापर्यंत पाणी जातं आणि मळण्याचं निम्मं काम आपोआप होतं. रात्रभर उबेत ठेवू नका, विकरं कणीक पातळ करतात. ठेवायचंच असेल तर अर्धं मीठ घालून फ्रीजमध्ये.

मग यीस्ट आणि मीठ घालून आठ-दहा मिनिटं मळा. ताणून बघितल्यावर कणीक लगेच तुटत नाही असं झालं की कोमट झालेला कोंडा घाला. कोंडा आधी घातला तर तो मळण्यातच पडदे फाडतो. राखलेलं पाणी आता चमचा-चमचा घालत जा. कणीक हाताला चिकटेल इतकी मऊ हवी. मैद्याच्या सवयीच्या हाताला ती जास्त ओली वाटेल आणि पीठ भुरभुरायचा मोह होईल. हात ओला करा, पीठ घालू नका.

कणकेचं तापमान २५ अंश धरा. हाताने मळताना पाण्याचं तापमान काढायला सोपा हिशोब आहे: २५ च्या तिप्पट ७५, त्यातून पिठाचं आणि खोलीचं तापमान वजा. खोली २८ आणि नुकतं दळलेलं पीठ ३२ असेल तर पाणी १५ अंशांचं हवं. कोंड्याची ऊब या हिशोबात नाही, म्हणून तो घालण्याआधी नीट गार करा. गरम पिठाने सत्त्व जळतं ही भीती हातचक्कीच्या बाबतीत अनाठायी आहे. पीठ हाताला कढत लागलं तर चकत्या टेकताहेत. पण या कोमट पिठाने कणीक तापून यीस्ट बेफाम होतं, ते मात्र खरं.

पहिल्या फुगण्याला ७५ ते ९० मिनिटं, मध्ये दोनदा ओल्या हाताने घड्या घाला. दीडपट झाली की पुरे. आकार देऊन साच्यात टाका. सुमारे ९०० ग्रॅम कणकेला दोन लिटरचा, म्हणजे साधारण २३ × १३ × ७ सेंटिमीटरचा साचा बरोबर बसतो. दुसरं फुगणं ४० मिनिटांच्या आसपास. ओलं बोट हलकं दाबून बघा. खड्डा हळूहळू भरत अर्ध्यावर थांबला की ओव्हनमध्ये घाला. अजिबात भरत नसेल तर उशीर झाला आहे. तेव्हा पुन्हा मळून, आकार देऊन थोडा कमी वेळ फुगवावं, भाजायला घालू नये. २२० अंशांवर १५ मिनिटं, मग १९० वर २५ ते ३०. पोटातलं तापमान ९६-९७ अंश हवं. दोन तास गार होऊ द्या. गरम कापलेला अख्ख्या गव्हाचा पाव कच्चाच वाटतो, आणि मग उगाच चक्कीला दोष दिला जातो.

खमिरावर करायचा तर यीस्टऐवजी पिठाच्या १५ ते २० टक्के जोमदार आंबवण (आधीच आंबवलेलं पीठ-पाणी) घ्या आणि त्यातलं पीठ-पाणी एकूण हिशोबातून वजा करा. आंबटपणाने कमकुवत कणकेला थोडा आधार मिळतो आणि पाव जास्त टिकतो. राय निम्म्याहून जास्त असेल तर आंबवण ऐच्छिक राहत नाही. रायचं पीठ ग्लूटेनवर उभं राहत नाही, पेंटोसन (पाणी धरून ठेवणारे चिकट तंतू) आणि स्टार्चच्या लगद्यावर उभं राहतं. आंबटपणाशिवाय अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारी विकरं, तो स्टार्च भाजतानाच विरघळवतात आणि आत गोंद होतो.

अजूनही बिघडलं तर

पाव उंच होऊन मध्ये खचला, वरच्या कवचाखाली पोकळी दिसली, तर फुगणं जास्त झालं. वेळ पाव हिश्श्याने कमी करा. दाट आहे पण पोत एकसारखा आहे, तर पाणी कमी किंवा पीठ जाड; आधी चाळणीची परीक्षा घ्या.

आतून चिकट, सुरीला लेप लागणारा पाव, तोही ९७ अंशांपर्यंत भाजून, हे गव्हाच्या दोषाचं लक्षण असू शकतं. शेतात भिजून मोड आलेल्या दाण्यात अमायलेज फार वाढलेलं असतं. मूठभर गव्हाची परीक्षा करा, अंकुराच्या टोकाशी साल फाटलेले दाणे दिसतील. असा गहू फेकायला नको, चांगल्या गव्हात दहावा हिस्सा मिसळून आंबवणाच्या पावात संपवता येतो. अगदी कडक दाणा फार आवळून पुन्हा पुन्हा रगडला तरी असंच काहीसं होतं. स्टार्चचे कण चिरडले जातात, ते जास्त पाणी पितात आणि विकरांना सहज बळी पडतात. चाळत दळण्याने हा धोकाही टळतो.

पाव कडू लागला तर तेल खवट झालंय. अंकुरातलं तेल दाणा अखंड असेपर्यंत सुरक्षित असतं, फुटल्यावर हवा आणि विकरं त्याच्या मागे लागतात. म्हणून लागेल तेवढंच दळा आणि त्याच दिवशी वापरा. उरलं तर बंद डब्यात, फ्रीजमध्ये, आठवडा-दोन आठवडे. गहू मात्र १२ टक्के ओलाव्याला, हवाबंद, गार जागी दीर्घकाळ टिकतो. किडीची शंका असेल तर उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवा आणि डबा खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर दाण्यावर दव धरतं आणि पुन्हा ओलाव्याचा प्रश्न उभा राहतो.

पहिल्याच दिवशीचं ताजं पीठ कडू लागत असेल तर चक्की उघडा. मळसूत्राच्या नळीत आणि चकत्यांच्या मागे मागच्या दळणाचं मूठभर पीठ साचलेलं असतं. ते खवट होतं, त्यात किडे होतात आणि पुढच्या दळणात सगळं मिसळतं. दर वेळी दळण संपलं की चकत्या मोकळ्या करून कोरड्या, ताठ केसांच्या ब्रशने झाडा. पाणी लावू नका, लोखंडाला गंज आणि दगडाला लेप धरतो. लेप बसलाच असेल तर वाटीभर कोरडे तांदूळ मध्यम अंतरावर दळा, तो खरवडून निघतो.